गल्ल्यातले पैसे कोणाचे?

एका आईने विचारलं आहे. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ५ वर्षांचा. मुलीच्या वाढदिवसाला मामाने खेळण्यातलं एटीएम आणलं. नोट आत ओढणारं, चार आकडी पासवर्ड मागणारं, दार उघडताना सूर वाजवणारं. पहिले आठ दिवस आजी-आजोबांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांकडून दहा-दहाच्या नोटा गोळा झाल्या आणि आता ते कपाटावर धूळ खात पडलंय. त्यांचा प्रश्न असा: अशा खेळण्यांनी मुलांना खरंच पैशाचं वळण लागतं का, की आपला जुना मातीचा गल्लाच बरा? आणि घ्यायचंच झालं तर काय घ्यावं?

मी एका नागरी सहकारी बँकेत २७ वर्षं नोकरी केली. त्यातली १४ वर्षं शाळांमधल्या बचत बँकेचं काम माझ्याकडे होतं. शनिवारी सकाळची शाळा असायची, तेव्हा रोकड वही आणि शिक्का घेऊन मी एखाद्या वर्गात बसायचो, आणि मुलं रुपया, दोन रुपये, पाच रुपये घेऊन रांगेत उभी राहायची. या १४ वर्षांत माझं एक मत पक्कं झालं. डबा मातीचा असो, पत्र्याचा असो की बॅटरीवर चालणारा, त्याने थोडाच फरक पडतो. त्या डब्यातले पैसे खरोखर मुलाचे आहेत का, ते त्याला मोजता येतात का, काढता येतात का, त्यात चूक करता येते का, यावर सगळं अवलंबून असतं. पैसे टाकताना मूल फारसं काही शिकत नाही. शिकतं ते उघडताना.

आधी तुमच्या एटीएमबद्दल. असं एक यंत्र मी स्क्रू काढून आतून बघितलंय. आत एक छोटी मोटर आणि तिच्यावर रबराचा रूळ. फटीत कागद आला की रूळ फिरतो आणि कागद आत जातो. कागद कसला आहे हे त्याला कळत नाही, एसटीचं तिकीट घातलं तरी ते तितक्याच आनंदाने ओढून घेतं. नोटेची रक्कम आपणच बटणं दाबून भरायची असते. काही यंत्रं नाणी मोजतात, पण ती नाण्याच्या आकारावरून, आणि ती मापं अनेकदा परदेशी नाण्यांची असतात, त्यामुळे आपल्या नाण्यांचा हिशेब भलताच लागतो. सेल संपले किंवा काढले की बऱ्याच यंत्रांच्या पडद्यावरची शिल्लक शून्य होते. चौथीतला एक मुलगा असं यंत्र काखोटीला मारून रडत शाळेत आला होता. ‘सर, माझे १८० रुपये गेले.’ आम्ही दार उघडलं, नोटा सतरंजीवर मांडल्या, मोजल्या. १८०. तो पुन्हा पडद्याकडे बघायचा, पुन्हा नोटांकडे. आकडा वेगळा आणि पैसा वेगळा, ही गोष्ट त्या दिवशी त्याला समजली. पण ती यंत्राने शिकवली नाही, यंत्र बंद पडल्यामुळे समजली.

या खेळण्याची अडचण अशी की ते मोठ्या माणसांच्या व्यवहाराची नक्कल करतं आणि व्यवहारातला महत्त्वाचा भाग नेमका झाकून टाकतं. खऱ्या एटीएममधून पैसे येतात, कारण कोणीतरी महिनाभर राबून ते खात्यात जमा केलेले असतात. मुलाला दिसतं ते एवढंच की भिंतीतल्या यंत्राला कार्ड दाखवलं की नोटा येतात. घरातलं खेळणं ही समजूत आणखी घट्ट करतं. शिवाय आत गेलेली नोट दिसेनाशी होते, आणि लहान मुलाच्या लेखी जे दिसत नाही ते जवळजवळ नसतंच. आठ दिवसांत उत्साह मावळला यात तुमच्या मुलीचा काहीच दोष नाही. आतल्या पैशांशी तिचा संबंधच तुटला होता.

आता मातीचा गल्ला. दिवाळीच्या आधी कुंभारवाड्यातून येणाऱ्या गाड्यांवर पणत्या, किल्ल्यावरचे मावळे आणि बोळकी यांच्या शेजारी हे गल्ले रचलेले असतात. कुंभार तो करताना बघण्यासारखा असतो. चाकावर भांडं वर ओढत ओढत तो त्याचं तोंड मिटवत आणतो, शेवटी शेंडा चिमटीने दाबून बंद करतो, माती अर्धवट सुकली की सुरीच्या टोकाने फट कापतो आणि मग गल्ला भट्टीत जातो. म्हणजे हे भांडं मुळातच उघडण्यासाठी केलेलं नसतं. ते फोडायचंच असतं. (घेताना १० रुपयांचं नाणं फटीत घालून बघा. १० आणि २० या दोन्ही नाण्यांचा व्यास २७ मिलिमीटर आहे, आणि पुष्कळ गल्ल्यांच्या फटी त्याहून अरुंद असतात.)

मातीचा गल्ला एक गोष्ट उत्तम शिकवतो: थांबायला. आपल्यापैकी अनेकांनी तो उलटा धरून, फटीत केसांची पिन नाहीतर सुरीचं पातं सरकवून, एकेक नाणं घरंगळत बाहेर काढलेलं आहे. तो खटाटोप करावा लागतो म्हणूनच माणूस थांबतो. पण पाच वर्षांच्या मुलासाठी एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंतचा काळ म्हणजे त्याच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा. एवढी वाट बघणं त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं. सात-आठ वर्षांच्या पुढे, एखादी ठरावीक वस्तू ठरावीक सणाला घ्यायची असेल, तर मातीचा गल्ला जरूर आणा. गणपतीत सुरू करून दिवाळीत फोडावा, दोन महिने पुरे. तुमच्या मुलीला तो चालेल. धाकट्यासाठी मात्र नको.

धाकट्यासाठी फिरकीच्या झाकणाची पारदर्शक बरणी घ्या. दुकानातून विकत आणायचीही गरज नाही, मुरांब्याची रिकामी बरणी धुऊन वाळवली की झालं. पैसा वाढताना दिसतो, कमी होतानाही दिसतो. बरणीवर हव्या असलेल्या वस्तूचं चित्र चिकटवा आणि जिथपर्यंत नाणी यायला हवीत तिथे कागदाची पट्टी लावा. पाच वर्षांच्या मुलाचं ध्येय तीन-चार आठवड्यांत गाठता येईल इतकंच असावं: रंगीत खडूंची पेटी, चेंडू, शिट्टी. हल्ली तीन बरण्यांची पद्धत बरीच सुचवली जाते, एक खर्चाची, एक बचतीची, एक दुसऱ्याला देण्याची. पाच वर्षांच्या मुलाला दोन पुरतात. तिसरी मुलीसाठी ठेवा, आणि तिच्यातले पैसे कुठे द्यायचे ते तिने ठरवावं.

नाण्यांची ओळख हा स्वतंत्र धडा आहे आणि बहुतेक घरांत तो गाळला जातो. दुसरीतली एक मुलगी एकदा रुमालात बांधून २३ रुपये घेऊन आली, सगळी रुपयाची नाणी. मी मोजली, पासबुकात लिहिली, आणि तिला दाखवावं म्हणून तेवढ्याच रकमेची नाणी टेबलावर ठेवली: दहाची दोन, दोनाचं एक, रुपयाचं एक. तिचा चेहरा उतरला. ‘माझे खूप होते. हे चारच आहेत.’ मी म्हटलं, सारखेच आहेत. तिने मान हलवली, पण पटलं नाही हे डोळ्यांत दिसत होतं. मग बाईंनी वर्गातल्या पेन्सिली आणल्या आणि पाच रुपयांना एक असं दुकान मांडलं. तिने रुपयाची पाच नाणी मोजून एक पेन्सिल घेतली. मग दहाचं एक नाणं देऊन दोन पेन्सिली घेतल्या. मग पुन्हा दहाचं नाणं दिलं, एक पेन्सिल मागितली आणि हात पुढे करून थांबली. बाईंनी रुपयाची पाच नाणी तिच्या तळहातावर एकेक करून ठेवली. तिने मूठ मिटली, माझ्याकडे बघितलं आणि दहाचं दुसरं नाणं अंगठ्याखाली घट्ट दाबून धरलं. त्यानंतर कधी तिने ‘चारच’ म्हटलं नाही. हा खेळ घरी वीस मिनिटांत होतो. अलीकडच्या नाण्यांत रुपया २० मिलिमीटरचा आणि दोन रुपये २३ मिलिमीटरचे, दोन्ही पोलादी, त्यामुळे लहान मुलं त्यांत हमखास गोंधळतात. सुरुवात तिथूनच करा.

आता शाळेतल्या बँकेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मला जे काही कळलं ते तिथेच कळलं. ज्यांनी शाळेत संचयिका पाहिली असेल त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. राष्ट्रीय बचतीच्या त्या योजनेत मुलंच बँक चालवायची, शिक्षक देखरेख करायचे. आमचीही रचना तीच होती. सातवीतला एक मुलगा रोखपाल, एक मुलगी पासबुकं भरणारी, दोघं नाणी दहा-दहाच्या चळती लावून मोजणारे. पहिल्या वर्षी आम्ही एक मोठी चूक केली. वर्षअखेरीला सर्वांत जास्त शिल्लक असलेल्या मुलाला बक्षीस जाहीर केलं. फेब्रुवारी उजाडला तशा काही पालकांनी मुलांच्या हाती ५००च्या नोटा द्यायला सुरुवात केली. ज्या मुली दर शनिवारी न चुकता दोन रुपये आणत होत्या त्यांनी हळूहळू येणं सोडलं. त्यांचं गणित बरोबर होतं. आम्ही त्यांना सांगून टाकलं होतं की तुमच्या दोन रुपयांना इथे किंमत नाही. पुढच्या वर्षी आम्ही बक्षीस बंद केलं आणि फळ्यावर रकमांऐवजी फक्त ‘या शनिवारी कितीजण आले’ एवढंच लिहायला लागलो. त्या मुली परत आल्या. सगळ्या नाही, पण आल्या.

म्हणून घरातही दोन भावंडांच्या बरण्या शेजारी ठेवून ‘बघ, ताईचे किती झाले’ असं चुकूनही म्हणू नका.

दुसरा बदल पैसे काढण्याच्या चिठ्ठीत केला. त्या चिठ्ठीवर ‘कारण’ असा एक रकाना होता. मुलं तिथे ‘वही’ किंवा ‘पेन’ असं लिहायची, कारण शिक्षकांना तेच आवडतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे बचत शिकवता शिकवता आम्ही खोटं बोलायला शिकवत होतो. तो रकाना आम्ही काढून टाकला. सहावीतल्या एका मुलाने सात महिन्यांत ११५ रुपये जमवले होते. गावची जत्रा आली, त्याने सगळे काढले आणि सेलवर चालणारी गाडी घेतली. दोन दिवसांत तिची चाकं निखळली. त्याचे वर्गशिक्षक माझ्यावर चिडले, म्हणाले, ‘तुम्ही अडवायला हवं होतं.’ मला वाईट वाटत होतं, पण मी अडवलं नसतंच. पुढच्या शनिवारी तो रांगेत सर्वांत मागे उभा राहिला. दोन रुपये पुढे केले आणि विचारलं, ‘जुनंच पासबुक चालेल ना?’ चाललं. पुढच्या वर्षी त्याला बॅट घ्यायची होती, तेव्हा तो आधी तीन दुकानांत भाव विचारून आला आणि हँडल कुठल्याचं पक्कं आहे ते मला सांगत बसला. ११५ रुपयांत यापेक्षा चांगलं शिक्षण मला तरी माहीत नाही. मुलाने दहाव्या वर्षी ११५ रुपये वाया घालवलेले बरे, तिसाव्या वर्षी साडेअकरा लाख घालवण्यापेक्षा.

आता त्या गोष्टीकडे येतो जी सर्वांत महत्त्वाची आहे आणि जिच्याबद्दल पालकांना बोलायला अवघड जातं. मुलाच्या गल्ल्यातले पैसे मोठी माणसं घेतात. रिक्षाला सुटे नाहीत, दूधवाला दारात उभा आहे, महिनाअखेर आहे. घेतात, आणि परत ठेवायचं राहून जातं. भाऊबीजेला मुलीच्या ताटात ओवाळणी पडते, पाहुणे निघताना मुलाच्या हातावर शंभराची नोट ठेवतात, आणि ते जिना उतरायच्या आत आई म्हणते, ‘दे, मी ठेवते.’ ती नोट घरखर्चात जाते. यामागे वाईट हेतू नसतो. घरी आलेलं शेवटी घरचंच, अशी आपली रीत आहे, आणि ज्या पाहुण्याने शंभर दिले त्याच्या मुलाला आपणही उद्या शंभर देणार असतो. हे सगळं खरं आहे. पण मुलाला ते कोणी समजावून सांगत नाही. त्याला एवढंच कळतं की माझ्या हातात आलेला पैसा टिकत नाही, त्यामुळे मिळाला की लगेच खर्चून टाकणंच शहाणपणाचं.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला एक छोटा प्रयोग मला इथे नेहमी आठवतो. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं होती. त्यांना आधी चित्रकलेचं साधं साहित्य देऊन सांगितलं, ‘थोडं थांबलात तर चांगलं आणून देतो.’ निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. निम्म्यांना सांगितलं, ‘माफ कर, आमच्याकडे नाहीये.’ मग नेहमीची परीक्षा घेतली: समोर एक गोड वडी, ती न खाता थांबलास तर दोन मिळतील. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती ३ मिनिटं. दोन्ही गटांतली मुलं साधारण एकाच वयाची. त्या तीन मिनिटांच्या मुलांना अधीर म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांनी समोरच्या माणसाची पत जोखली होती.

पत असेल तरच सगळं चालतं. सिंडिकेट बँकेने १९२८ साली उडुपीत पिग्मी सुरू केली, तेव्हा बँकेचा माणूस रोज दारोदार जाऊन अगदी दोन-दोन आणे जमा करायचा. आज आपल्याकडच्या पतसंस्थांचे पिग्मी एजंट भाजीवाल्यांकडून, पानटपऱ्यांवरून रोज पैसे उचलतात ते त्याच धर्तीवर. भाजीवाली बाई त्या माणसाच्या हाती रोज ५० रुपये देते, कारण तो रोज येतो, तिच्यासमोर नोंद करतो आणि मागितले तेव्हा तिचे पैसे तिला मिळतात. तुमच्या मुलीच्या बँकेचे एजंट तुम्हीच आहात.

पैसे घ्यायची वेळ आलीच तर कसे घ्यावेत, हे मी एका आईकडून शिकलो. ८ नोव्हेंबर २०१६ला ५०० आणि १०००च्या नोटा रद्द झाल्या, त्यानंतरचे काही आठवडे आठवा. सुट्या पैशांसाठी घराघरांत मुलांचे गल्ले फुटले, त्यातल्या दहा-वीस-पन्नासच्या नोटांवर भाजी-दूध आलं. आमच्या एका शाळेतल्या मुलाच्या आईने गल्ला फोडायच्या आधी त्याला विचारलं, त्याच्यासमोर मोजले आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्याचं नाव घालून पुढे ‘३७०’ असं लिहिलं. डिसेंबरात पैसे परत दिले तेव्हा त्याच आकड्यावर त्याच्याच हाताने काट मारून घेतली. त्या पोराने ते पान फाडून पासबुकात जपून ठेवलं होतं आणि कितीतरी दिवस मला दाखवायचा. आईला आपण उसने दिले आणि आईने ते फेडले, याचा अभिमान त्याच्या तोंडावर मावत नव्हता. पालकांनी मुलाकडून उसने घेण्यात गैर काहीच नाही. विचारून घ्यावेत, लिहून ठेवावेत, फेडावेत. ओवाळणीचंही तसंच करा. सगळी रक्कम मुलांच्या हातात देणं जमत नसेल तर आधीच ठरवा, निम्मी त्यांची आणि निम्मी घराची, आणि ती निम्मी त्याच दिवशी बरणीत पडू द्या.

खाऊचे पैसे किती द्यावेत, हे घरच्या ऐपतीवर आहे. माझा सल्ला असा: पाच वर्षांच्याला आठवड्याला १० रुपये, आठ वर्षांच्या मुलीला ३०, दोघांनाही सुट्या नाण्यांत, ठरलेल्या वारी. रक्कम कमी असली तरी चालेल, वार मात्र चुकवू नका. ‘या आठवड्यात विसरलो, पुढच्या वेळी देतो’ असं दोनदा झालं की वर सांगितलेल्या तीन मिनिटांच्या मुलांसारखी गत होते. या पैशांतून तिने काय काय घ्यायचं तेही सांगून ठेवा. शाळेच्या वह्या तुमच्या खर्चाच्या, चमकीचे स्टिकर तिच्या. पैसे संपले तर पुढच्या वारापर्यंत थांबायचं, उचल द्यायची नाही. स्वतःचं ताट उचलणं, अंथरूण घडी करणं यांचे पैसे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. पण घरातली रद्दी मुलांना देऊन टाका. गठ्ठा बांधू द्या, रद्दीवाल्याकडे सोबत जा, किलोचा भाव त्यांना विचारू द्या, काटा बघू द्या. पैसा कष्टातून कसा येतो हे सांगायला याहून सोपी जागा शहरातल्या मुलाला सापडत नाही.

आठ वर्षांच्या मुलीला व्याजही समजू शकतं. महिनाअखेरीला तिच्या बचतीच्या बरणीत जितके पूर्ण २० रुपये असतील तितके रुपये तुमच्याकडून टाका. हा दर खऱ्या बँकेच्या कितीतरी पट आहे, हेही तिला कधीतरी सांगा. बचत खात्यावर अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास व्याज मिळतं, म्हणजे वर्षभर १०० रुपये ठेवले तर जेमतेम तीन रुपये. मुलं हे ऐकून खट्टू होतात. मग बँकेत ठेवायचेच कशाला, हा प्रश्न येतो, आणि तो फार चांगला प्रश्न आहे. तिला उत्तर द्यायची घाई करू नका.

खऱ्या खात्याची वेळ साधारण दहाव्या वर्षी येते. लहान मुलाचं खातं पालकांमार्फत कुठल्याही वयात उघडता येतं आणि आईलाही पालक म्हणून राहता येतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः खातं चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दिली, आणि एप्रिल २०२५च्या सूचनांतही ती कायम आहे. अशा खात्यात शिल्लक शून्याखाली जाऊ देत नाहीत, त्यामुळे भीतीचं कारण नाही. पोस्टातही दहा वर्षांवरच्या मुलाच्या नावाने बचत खातं निघतं आणि महिन्याला १०० रुपयांपासून आवर्ती ठेव सुरू करता येते. तिला सोबत न्या, पावती तिने भरावी, सही तिची. बरणीतली नाणी नेणार असाल तर एकाच किमतीची १००-१०० नाणी पिशवीत भरून न्या, मोजणाऱ्याचं काम सोपं होतं. नाणी आहेत म्हणून शाखेला ती नाकारता येत नाहीत. आणि मोजणी चालू असताना मुलीला काउंटरवरून दिसेल अशी उभी करा, गरज पडली तर उचलून घ्या.

सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं असेल तर उत्तमच. दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी ते उघडता येतं, वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. पण ते खातं २१ वर्षांनी पिकतं. ती तुमची तिच्यासाठीची बचत आहे. तिच्या शिकण्यासाठी त्याचा उपयोग वर्षातून एकदा पासबुक दाखवण्यापुरताच.

एक अडचण आमच्या काळी नव्हती. आता घरात नोटच दिसत नाही. दुकानदाराच्या फलकासमोर फोन धरला, आवाज झाला, सामान मिळालं. मुलाला वाटतं फोनच पैसे देतो. यावर मला एक उपाय लागू पडलेला दिसलाय. मुलाची स्वतःची वस्तू तुम्ही फोनवरून घेतली की घरी येऊन तेवढेच पैसे त्याच्या बरणीतून त्याला मोजून काढायला लावा आणि तुमच्या वाटीत टाकायला सांगा. रंगपेटी ६० रुपयांना घेतली, तर ६० रुपये बरणीतून हलताना दिसले पाहिजेत.

खेळणं विकत घ्यायचंच असेल तर दोन-तीन गोष्टी बघा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते नसेल तर घेऊ नका. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. बटणासारखे चपटे सेल लागणारं खेळणं लहान मूल असलेल्या घरात आणूच नये. असा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता मुलाला सरळ रुग्णालयात न्यावं, तो अन्ननलिका काही तासांत जाळतो. तीन वर्षांच्या आतलं मूल घरी असेल तर नाण्यांची बरणीही त्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

आणि कपाटावरचं ते एटीएम टाकून देऊ नका. या रविवारी ते खाली काढा. मुलीला आधी विचारा, आत किती असतील असं वाटतं, आणि तिचा आकडा कागदावर लिहा. पासबुक म्हणून एक छोटी वही करा, पहिली नोंद तिच्या अक्षरात. मग दार तिने उघडावं, नोटा तिने मोजाव्यात, भावाला नाणी चळतीत लावू द्यात. त्यातले किती त्यातच ठेवायचे, किती बरणीत आणि किती खर्चायचे, ते तिने ठरवावं. पासवर्ड तिने बदलावा आणि तुम्हाला सांगू नये. फक्त एक करा: मधल्या काळात त्यातले दहा-वीस तुम्ही कधी काढले असतील, तर ती मोजायला बसण्याआधी तिला तसं सांगा आणि तेवढे तिच्या हातात द्या.